कच्च्या बीचे मोल : आफ्रिका आणि आपला कोकण किनारा

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे येतात. दुष्काळ, हाडांचा सापळा झालेली मुले, लष्करी बंडे, रोगराई. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी हेच दाखवतात आणि आपण मनातल्या मनात निकाल देऊन टाकतो, ‘ते लोकच तसे!’ ज्या समाजाविषयी इतर लोक असाच घाईचा निकाल देतात, त्या समाजातल्या माणसांनी तरी दुसऱ्याविषयी असे बोलण्यापूर्वी थोडे थांबावे. एखादा देश गरीब असतो म्हणजे नेमके काय झालेले असते? तो गरीब जन्माला येतो, की त्याला गरीब ठेवले जाते, की त्याचेच राज्यकर्ते त्याला गरीब करतात?

या प्रश्नांसाठी जाडजूड ग्रंथ उघडण्याची गरज नाही. देवगड तालुक्यातल्या कोणत्याही परड्यात उभे असलेले काजूचे झाड त्यासाठी पुरेसे आहे. या झाडाची बी आपल्याकडे जशी पडते, तशीच ती मोझांबिकमध्ये, टांझानियात, आयव्हरी कोस्टमध्ये पडते. तिचा इतिहास पाहिला की आफ्रिकेच्या दैन्याचा बराच उलगडा होतो आणि आपल्या स्वतःच्या स्थितीचाही.

जुने नाते

आफ्रिका आपल्याला परकी नाही. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने शिडाची जहाजे अरबस्तान, पूर्व आफ्रिका आणि पश्चिम हिंदुस्थानच्या बंदरांमध्ये शतकानुशतके ये-जा करीत होती. या वाटेने माल आला, माणसे आली आणि दुर्दैवाने गुलामही आले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवले. त्याने घालून दिलेली जमीन महसुलाची पद्धत दख्खनच्या इतिहासात आजही अभ्यासली जाते. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान तर १९४८ पर्यंत टिकून होते. आफ्रिकन माणसाला राज्य चालवता येत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा महाराष्ट्राचाच इतिहास वाचावा.

उलट दिशेनेही माणसे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊन पोचले. तिथे त्यांनी किराणा मालाची छोटी दुकाने थाटली, मशिदी-मदरशांना हातभार लावला आणि १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याखाली वर्णद्वेषी सरकारने वस्त्या उठवल्या तेव्हा त्यांतल्या अनेकांनी दुकाने आणि घरे गमावली. मुंबईहून मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम, बैरा, दरबान अशा फेऱ्या करणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान असत. त्या काळी देवगड, मालवण, वेंगुर्ले हे सारे रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ ही त्या बोटींची नावे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ठाऊक होती.

पूर्व आफ्रिकेत आपल्या देशातून गेलेला माणूस कोणत्या पायरीवर उभा होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. इंग्रजांनी तिथे समाजाची तीन मजली इमारत बांधली. वर गोरा, मध्ये हिंदी आणि खाली काळा. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मेले. मागोमाग व्यापारी आले. आफ्रिकन शेतकऱ्याचा माल विकत घेणारा आणि त्याला कापड, साखर, रॉकेल विकणारा माणूस हिंदी होता. टांगानिकासारख्या वसाहतीत आफ्रिकन माणसाला उधारी देण्यावर कायद्यानेच बंधने होती. म्हणजे त्याने दुकान काढू नये अशी व्यवस्था वरून केलेली, आणि दोष मात्र समोर दिसणाऱ्या दुकानदाराला. १९६४ ची झांझिबारची क्रांती आणि ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडण्याचा दिलेला हुकूम, या अन्यायी घटनांची मुळे या तीन मजली इमारतीतही होती. अमीनचे समर्थन कोणीही करू नये. पण आपल्यातल्या काहींनी खालच्या मजल्यावरच्या माणसाला बरोबरीचा मानले नाही, हेही विसरू नये.

बीचा प्रवास

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो एकीकडे गोवा-मलबारात आणला, दुसरीकडे मोझांबिकच्या किनाऱ्यावर नेला. म्हणजे कोकणातला काजू आणि आफ्रिकेतला काजू हे एकाच मालकाने दोन घरी दिलेले भाऊ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात केरळातील कोल्लमच्या परिसरात काजू फोडण्याचा धंदा वाढला आणि गर अमेरिकेला जाऊ लागला. स्थानिक बी पुरेना, तेव्हा पूर्व आफ्रिकेतून कच्ची बी मागवणे सुरू झाले. तेव्हापासून कामाची वाटणी ठरून गेली. झाड आफ्रिकेचे, फोडणारे हात हिंदुस्थानचे आणि खाणारे तोंड युरोप-अमेरिकेचे.

या वाटणीत पैसा कुठे राहतो ते पाहा. साधारण चार-साडेचार किलो बी फोडली की एक किलो गर मिळतो. बी वाळवणे, वाफवणे किंवा भाजणे, फोडणे, साल काढणे, अख्खा गर, पाकळी आणि तुकडा वेगळा करणे, डब्यात भरणे या प्रत्येक पायरीवर कोणाला तरी रोजगार मिळतो आणि मालाची किंमत चढते. जो देश पोत्यात बी भरून जहाजावर चढवतो, तो या साऱ्या पायऱ्यांवरचा रोजगारही त्याच पोत्यात भरून पाठवतो. आफ्रिका जगातल्या निम्म्याहून अधिक कच्च्या काजूचे उत्पादन करते. पण २०१८ च्या सुमारास त्यातला पंधरा टक्क्यांहूनही कमी माल त्या खंडात फोडला जात होता. जगात आयात होणारी बहुतेक सारी कच्ची बी व्हिएतनाम आणि भारत हे दोनच देश घेत होते.

काजूच्या जागी कोको घ्या, कॉफी घ्या, तांबे घ्या, कापूस घ्या. गोष्ट तीच. वसाहतीच्या काळातले रेल्वेमार्ग नकाशावर पाहिले तर बरेचसे खाणीपासून किंवा मळ्यापासून थेट बंदराला जातात. एका आफ्रिकन शहराला दुसऱ्या आफ्रिकन शहराशी जोडणारे थोडे. १८८४-८५ मध्ये बर्लिनला बसून युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, तेव्हा तिथल्या माणसाने एकमेकांशी व्यापार करावा ही कल्पनाच त्यांच्या मनात नव्हती.

मोझांबिकचा धडा

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाला. पोर्तुगिजांच्या जवळजवळ पाच शतकांच्या वावरानंतर त्या देशात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर होते. कारखाने चालवणारे, हिशेब ठेवणारे, यंत्रे दुरुस्त करणारे बहुतेक पोर्तुगीज देश सोडून निघून गेले. तरीही एक गोष्ट त्या देशाच्या हाताशी होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक होता. वर्षाला दोन लाख टनांच्या घरात बी निघत होती आणि तिथे फोडणारे कारखानेही होते.

१९७८ मध्ये नव्या सरकारने कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी घातली. हेतू चांगला होता, पण त्याच सुमारास यादवी पेटली. शेजारच्या वर्णद्वेषी राजवटींनी बंडखोरांना शस्त्रे पुरवली. १९९२ मध्ये रोम येथे तह होईपर्यंत सुमारे दहा लाख माणसे युद्धाने आणि उपासमारीने मेली. गावे उठली, झाडे म्हातारी झाली, नवी लागवड झाली नाही. सरकारने ताब्यात घेतलेले कारखानेही नीट चालले नाहीत. ही चूक बाहेरच्या कोणाची नव्हती.

युद्ध संपले तेव्हा देश कर्जात बुडालेला होता. कारखाने खाजगी मालकांना विकले गेले आणि पाठोपाठ, १९९५ पासून, जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या बीवरचा निर्यातकर कमी होऊ लागला. बँकेचा युक्तिवाद वरवर पाहता शेतकऱ्याच्या बाजूचा होता. कारखान्यांना संरक्षण दिले की ते बीला कमी भाव देतात. निर्यात मोकळी करा, परदेशी खरेदीदार येतील आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील. प्रत्यक्षात काय झाले? बी भारताकडे वळली. तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि दहा हजारांच्या आसपास कामगार, ज्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, घरी बसले. डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या धोरणाचा हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा वाढीव लाभ वर्षाला ५ डॉलर ३० सेंटपेक्षा जास्त नसावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाकीचा फायदा मधल्या व्यापाऱ्यांत आणि परदेशी खरेदीदारांत वाटला गेला. उद्या हे धोरण पुन्हा फिरणार नाही याची खात्री नसल्याने शेतकऱ्यांनी नवी झाडेही फारशी लावली नाहीत.

१९९९ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून निर्यातकर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांवर नेला. पुढे नाम्पुला प्रांतात कमी खर्चाचे, हाताने फोडण्यावर भर देणारे छोटे कारखाने उभे राहिले, म्हणजे कोल्लम आणि कोकणातलीच रीत तिकडे गेली. पण मोडलेली घडी बसवणे नवी घालण्याहून कठीण असते. शिवाय राज्यकर्त्यांचा लोभ होताच. २०१३-१४ मध्ये संसदेला अंधारात ठेवून सरकारी हमीवर सुमारे दोनशे कोटी डॉलरची कर्जे घेतली गेली. २०१६ मध्ये ते उघड झाले तेव्हा देशाचे चलन कोसळले आणि महागाईचा भार गरिबांवर पडला. उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात माणके आणि नैसर्गिक वायू सापडला, पण तिथल्या तरुणाला नोकरी मिळाली नाही. २०१७ पासून तिथे धर्माचे नाव घेऊन जो हिंसाचार सुरू झाला, त्यात बळी पडलेल्या गरीब खेडुतांत मुसलमानांची संख्या मोठी आहे. पोटाचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न सुटला नाही की धर्माचे नाव वापरणारे कसे येऊन उभे राहतात, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

टांझानिया आणि इतर

टांझानियाची कहाणी थोडी वेगळी आहे. ज्युलियस न्येरेरे सचोटीचे नेते होते. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात त्यांनी स्वावलंबनाचा मार्ग सांगितला, शाळा काढल्या, साक्षरता वाढवली. पण १९७३ नंतर लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या ‘उजामा’ गावांत हलवण्यात आले. माणसे गावात आली आणि काजूची झाडे मैलोगणती दूर राहिली. त्यात सरकारी खरेदीचा भाव कमी आणि भुरी रोगाचा प्रादुर्भाव. १९७३-७४ मध्ये सुमारे १ लाख ४५ हजार टन असलेले उत्पादन १९८६-८७ मध्ये १७ हजार टनांच्या आसपास आले. त्याच काळात परदेशी कर्जातून बांधलेले मोठे कारखाने बीअभावी बंद पडले. नेता प्रामाणिक असला, तरी शेतकऱ्याला न विचारता त्याचे भले करायला निघाला की काय होते, त्याचे हे उदाहरण. पुढे रोगावर गंधकाची फवारणी आली, भाव सुधारला आणि उत्पादन पुन्हा वाढले. पण २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी काजू खरेदीला चक्क सैन्य पाठवले. बी मात्र अजूनही बहुतेक कच्चीच बाहेर जाते.

गिनी-बिसाऊ या छोट्या देशाची निर्यातीची कमाई जवळजवळ नव्वद टक्के काजूवर अवलंबून आहे आणि त्यातला मोठा भाग भारतात येतो. भारतातला भाव पडला की तिथल्या घरात तांदूळ कमी शिजतो. कोणाच्याही वाईट इच्छेशिवाय घडणारी ही गोष्ट आहे, म्हणूनच ती बदलायला कठीण आहे.

चित्र सगळेच काळे नाही. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक होता. हिरे सापडल्यावर त्याने कंपनीशी भागीदारीचा करार केला, पैसा शाळा आणि रस्त्यांवर घातला आणि २०१३ मध्ये कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून स्वतःच्या राजधानीत आणवली. आयव्हरी कोस्टने कारखान्यांना सवलती देऊन बी देशातच फोडण्याचे प्रमाण वाढवत नेले आहे. बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातच बंद केली. मोझांबिकच्या अनुभवानंतर अशा बंदीबरोबर वीज, स्वस्त कर्ज, शिकलेले कामगार आणि खात्रीचा ग्राहक लागतो, हे आता सर्वांना कळले आहे. निव्वळ बंदीने बी फुटत नाही, ती चोरवाटेने शेजारच्या देशात जाते.

आपल्या परड्यात

आता पुन्हा देवगडला येऊ. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि कोकणातल्या कातळावर आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या कलमी जाती गावोगाव गेल्या. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला भागात काजू कारखाने उभे राहिले आणि टरफलातल्या तेलाने बोटे भाजून घेत हजारो बायका तिथे बसू लागल्या. पण हंगामात आफ्रिकेतली स्वस्त बी आली की आपल्या बीचा भाव खाली येतो. शेतकरी आरडाओरडा करतो, आयातकर वाढवा म्हणतो. कारखानदार म्हणतो, बाहेरची बी आली नाही तर कारखाना वर्षभर चालणार कसा आणि बायकांना काम देणार कसे? दोघांचेही खरे आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने किलोमागे दहा रुपये अनुदान जाहीर केले, तेही या ओढाताणीतूनच.

सिंधुदुर्गातला शेतकरी समजतो की आफ्रिकेचा शेतकरी आपला भाव पाडतो. आफ्रिकेतला शेतकरी समजतो की भारताचा खरेदीदार आपल्याला लुटतो. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही आणि भाव ठरवणारा तर या दोघांपैकी कोणीच नाही. नाम्पुलाची कामगार बाई आणि कुडाळची कामगार बाई यांचे हात सारखेच काळे होतात.

हापूसचीही तीच वाट आहे. अलीकडच्या काही वर्षांत मलावी देशातला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येतो. त्याच्या काड्या आपल्याच कोकणातून गेल्या, असे व्यापारी सांगतात. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. काजू तरी आपल्याकडे दुसऱ्याच्याच घरून आला. देवगडच्या बागायतदारांनी मात्र शहाणपण दाखवले. सहकारी संस्था काढली, भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०२५ च्या हंगामापासून फळावर ओळखक्रमांकाची चिठ्ठी लावण्याची व्यवस्था आणली, म्हणजे दुसऱ्याचा आंबा देवगडच्या नावावर खपू नये. फळाबरोबर नाव आणि विश्वासही विकता आला तर भाव ठरवण्यात थोडा तरी हात राहतो.

आपणही बीच पाठवतो

शेवटी एक गोष्ट आपल्या समाजाला उद्देशून. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा आला आणि खलाशांच्या मुलांनी आगबोटीऐवजी विमान धरले. दुबई, कुवेत, सौदीतून आलेल्या पैशाने किनाऱ्यावर घरे झाली, मशिदी सुधारल्या, बहिणींची लग्ने झाली. त्या कष्टाला सलाम आहे. पण दहावी झालेल्या किंवा न झालेल्या मुलाला पासपोर्ट हाती देऊन पाठवणे म्हणजे काय? ती कच्चीच बी. तिला फोडणारा, तिचा गर काढणारा, त्यावर नफा मिळवणारा दुसराच असतो. आपल्याला पोत्याचा भाव मिळतो. आणि तिकडे तेलाचा भाव पडला, कायदा बदलला, की आपल्या गावात चूल मंद होते. गिनी-बिसाऊ आणि आपले एखादे खाडीकाठचे गाव यांत मग फरक तो किती?

तोच मुलगा, आणि मुलगीही, वीजतंत्री, परिचारिका, फळप्रक्रियेचा जाणकार किंवा जहाजाचा अधिकारी होऊन बाहेर पडली तर तिच्या कष्टाची किंमत कितीतरी पट होते. गावातल्या चार घरांनी आखाताचा पैसा एकत्र करून काजू फोडण्याचा छोटा कारखाना किंवा आंब्याच्या रसाचा उद्योग काढला, तर काही मुलांना जावेच लागणार नाही. यासाठी लागणारे भांडवल आपल्याकडे नाही असे म्हणता येत नाही. ते संगमरवरी फरशीत आणि तीन दिवसांच्या लग्नात पुरलेले आहे.

आफ्रिकेचे देश आज हाच प्रश्न सोडवू पाहत आहेत. त्यांच्या वाटेत परक्यांनी आखलेल्या सरहद्दी आहेत, कर्जे आहेत, स्वतःचे लोभी राज्यकर्ते आहेत. तरी बेनिनसारखा लहान देश म्हणतो की आमची बी आम्हीच फोडू. त्याला यश येईल की नाही, हे पुढची वर्षे ठरवतील. आपल्या वाटेत एवढे अडथळे नाहीत. वेंगुर्ल्याचे संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, दापोलीचे कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात शाळा आहेत. आपली मुले कच्ची पाठवायची की शिकवून पाठवायची, हे ठरवायला कोणत्याही जागतिक बँकेची परवानगी लागत नाही.